साडूंची उंची

डॉक्टर कसा असावा याबद्दल आमच्या साडूंचं मत पक्कं आहे: त्याने आपल्याला ओळखता कामा नये. कोपऱ्यावरचे डॉक्टर त्यांना तीस वर्षं ओळखतात आणि तिथेच सगळं बिनसतं. साडूंनी वजनाचं नाव काढायचा अवकाश, की डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारतात, "रविवारची मिसळ बंद झाली का?" एवढं ऐकायला तीनशे रुपये मोजायचे, आणि त्याआधी तासभर बाकड्यावर बसून समोरच्या ओळखीच्या मंडळींना "काही नाही हो, सहज" म्हणत राहायचं.

मार्च २०२५मध्ये एली लिलीने मौंजारो भारतात आणलं. आठवड्याला एक सुई, की भूकच मरते, असं साडूंच्या कानावर आलं आणि त्यांनी मोबाइल उचलला. तत्काळ तिकीट, हापूसची पेटी, सत्यनारायणाचे गुरुजी हे सगळं ते बसल्या जागेवरून मागवतात. डॉक्टर तेवढा राहिला होता.

पहिल्या अ‍ॅपवर फॉर्म प्रामाणिकपणे भरला, हे ते अजूनही दुःखाने सांगतात. वजन ७८ किलो, उंची पाच फूट आठ इंच. बीएमआय निघाला २६. या औषधाला तो ३० लागतो, किंवा जोडीला मधुमेह, ब्लडप्रेशर असं काही असेल तर २७. ब्लडप्रेशरची गोळी साडूंना चालू आहेच, म्हणजे घोडं अडलं होतं ते एका आकड्यावर. दुसरा कोणी असता तर 'आपण तेवढे काही जाड नाही' म्हणून घरी श्रीखंड घेऊन गेला असता. साडूंना नापास झाल्यासारखं वाटलं. त्यांनी अ‍ॅप बदललं आणि उंची केली पाच फूट सहा इंच.

लग्न ठरताना आमच्या सासऱ्यांकडे त्यांची जी माहिती आली होती, तिच्यात उंची पाच नऊ होती. सासऱ्यांनी तो कागद अजून जपून ठेवलाय. बायकोसाठी एक इंच चढवला आणि सुईसाठी दोन उतरवले, असा हा हिशेब.

२०२०च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे डॉक्टरने रुग्णाची ओळख पटवून घ्यायची असते. ती पटलीही. पण मोबाइलमधून टेप काही बाहेर येत नाही. जन्मभर फोटोत पोट आत ओढून उभे राहिलेले साडू त्या दिवशी ते मोकळं सोडून बसले आणि डॉक्टरांना नीट दिसावं म्हणून फोन खाली कलता धरला. पलीकडे मुलीच्या वयाची डॉक्टर.

"काका, चेहरा दिसू द्या. पोट नको."

मग प्रश्न सुरू झाले. स्वादुपिंडाला कधी सूज? घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर? पित्ताशयात खडे? प्रश्न संपायच्या आत साडूंचं "नाही" तयार. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, "अहो, खडे होते ना तुम्हाला!"

"ते किडनीत होते गं!"

"मग पित्ताचं काय होतं?"

"ते तुझ्या भावाचं!"

डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "काका, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट अपलोड करा, मग बघू." रक्त घ्यायला माणूस घरी आला, पण सोनोग्राफी घरपोच मिळत नाही. साडू पुन्हा बाकड्यावर, समोर तीच मंडळी.

रिपोर्ट चांगले निघाले, खोकं आलं. अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना, महिन्याच्या चार. आणि कागदावर लिहिलेलं की पहिले चार आठवडे फक्त शरीराला सवय व्हावी म्हणून आहेत. "चौदा हजारांत नुसती तालीम!" साडू दोन दिवस जेवले नाहीत, तेही सुईशिवाय.

कुपी ठेवायची दोन ते आठ अंश तापमानात, म्हणून ती फ्रिजमध्ये लोण्याशेजारी गेली. या कुळातलं २००५ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं औषध एका विषारी सरड्याच्या लाळेतल्या द्रव्यावरून सुचलं, हे ज्ञान साडूंना ताईंसमोर पाजळायचं काहीच कारण नव्हतं. आताचं औषध कारखान्यात बनतं, सरड्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे सांगेपर्यंत नैवेद्याचं लोणी शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये पोचलं होतं.

टोचायची वेळ आली तेव्हा साडूंचा हात थरथरला. बेंबीपासून दोन बोटं सोडून ताईंनीच सुई टोचली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संधी मिळाली," म्हणाल्या.

या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं. साडूंनी मात्र सुई लागू पडली का हे तपासायला दुसऱ्या दिवशी मिसळ खाल्ली, वर तर्री मागून घेतली. ती रात्रभर जिथल्या तिथे बसून राहिली आणि आंबट ढेकरांतून आपली खबर देत राहिली. पहाटे तीनला त्यांनी अ‍ॅपवर विचारलं, काय करू? उत्तर आलं: थोडं खा, तिखट-तेलकट टाळा. साडूंना ते फार शास्त्रीय वाटलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना हे कधी सुचलं नाही, असं ते मला अगदी गंभीरपणे म्हणाले.

पुढे वजन चार किलोंनी उतरलं, हे मान्य करायला हवं. आता ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता शर्टाच्या खालच्या बटणाकडे बघत बोलतात. परवा माझ्याकडे तसंच बघत त्यांनी विचारलं, "काय हो, तुमची उंची किती?"

"पाच सात."

साडूंनी मनात भागाकार केला. "पाच पाच लिहा. आणि रेफरल कोड माझा टाका, कन्सल्टेशनमध्ये दोघांचेही पाचशे सुटतात."