बिल हैदराबादला गेलंय

धर्माबादच्या मोंढ्यातल्या आडत दुकानात संगणक आणि प्रिंटर यांच्यात अंतर असतं दोन हातांचं. मधे फार तर मिरचीच्या नमुन्याचं टोपलं. मुनीमजी खुर्चीवरून न उठता दोन्हींना हात लावू शकतात. बिल मात्र या दोन हातांच्या वाटेनं जात नाही. ते आधी हैदराबादला जातं. तिथल्या कुठल्याशा थंडगार खोलीतल्या सर्व्हरवर तयार होतं, आणि निजामाबादवरून, गोदावरी ओलांडून, बासरच्या सरस्वतीला नमस्कार करून धर्माबादला परत येतं, असं ही व्यवस्था विकणारा सांगतो. जाताना सगळ्यांनी पाहिलंय. परत येताना पाहिलेला माणूस मोंढ्यात शोधावा लागेल.

याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. समोर दिसतो तो पडदा आपला, आतला संगणक दुसऱ्याचा. आपण इथं माऊस हलवायचा, तिथं बाण हलतो. टॅली तिथं, खतावणी तिथं, गिऱ्हाइकांची उधारी तिथं. इथं काय? इथं वीज बिल, धूळ आणि प्रिंटर.

इतिहासाची गंमत बघा. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही हैदराबादच्या निजामापासून सुटलो. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. एवढा सगळा खटाटोप करून आमच्या वह्या हैदराबादच्या ताब्यातून सोडवल्या, आणि आता त्याच वह्या आम्ही दरमहा भाडं भरून हौसेनं परत हैदराबादला नेऊन ठेवल्या आहेत. निजामाच्या काळात निदान भाडं तरी द्यावं लागत नव्हतं. तो थेट सारा घ्यायचा.

हे दुकानदारांनी का केलं? विकणाऱ्यानं सांगितलं, "सावकार, डेटा सुरक्षित राहील. उंदीर खाणार नाही, पूर आला तरी भिजणार नाही." यातल्या कशानंही सावकार हलले नव्हते. पुढचं वाक्य ऐकलं आणि हलले: "तिरुपतीला गेलात तरी मोबाइलवर आजची रोजकीर्द दिसेल." म्हणजे मुनीम काय करतो ते दिसेल. तिथंच सौदा पटला. लाल कापडाची वही तिरुपतीहून दिसत नव्हती, हा तिचा एकमेव दोष, आणि मुनीमजींच्या मते एकमेव गुण.

तर हंगामातली दुपार. मिरची भरलेला ट्रक दारात, ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. माल पन्नास हजारांच्या वरचा, पुढं सीमा, म्हणजे ई-वे बिल आलं आणि त्यासोबत बीजक आलं. मोबाइलवर दाखव म्हटलं तर ड्रायव्हर म्हणतो, "हातात कागद द्या, त्याशिवाय मी हलत नाय." त्याचा अनुभव आपल्यापेक्षा जास्त.

"निघना गेलंय सावकार."

"दाब की मग."

"केव्हाचं दाबायलोय. कंप्युटर म्हणतो, गेलं. प्रिंटर म्हणतो, आलं न्हाई."

मग मदत केंद्राला फोन. तिकडून पहिला प्रश्न ठरलेला: "प्रिंटर ऑन है क्या सर?" इकडून मुनीमजींचं दख्खनी "हौ". दुसरा प्रश्न: "एक बार रिस्टार्ट मारे क्या?" पुन्हा "हौ". यानंतर तिकडच्या पोराची विद्या संपते आणि संगीत सुरू होतं.

खरं तर यात गूढ काही नाही. जोडणी करताना जी छोटी खिडकी येते, तिच्या पोटात 'शो ऑप्शन्स', त्याच्या पोटात 'लोकल रिसोर्सेस', आणि तिथं 'प्रिंटर्स' पुढं एक चौकोन. त्यात बरोबरची खूण असेल तर आपला प्रिंटर तिकडच्या संगणकाला दिसतो. नसेल तर दिसत नाही. हैदराबादच्या सर्व्हरला धर्माबादेत प्रिंटर नावाची वस्तू आहे हे कळण्याचा हा एवढाच दाखला. पण ही खूण कुणी काढली, कधी काढली, हे कोणत्याही दुकानात आजवर कळलेलं नाही. विचारलं की सगळे त्या चहावाल्या पोराकडं बघतात.

खूण केली. प्रिंटर दिसला. आता त्याचं नाव बघा. कंपनीनं दिलेलं नाव, आणि त्याच्यापुढं कंसात 'रीडायरेक्टेड ७'. हा सात काय? तुमच्या आजच्या सत्राचा नंबर. उद्या सकाळी नवं सत्र उघडलंत की तो नऊ होईल, परवा चार. प्रिंटर तोच, टेबल तेच, त्याच्यावरची धूळसुद्धा तीच, फक्त नाव दर सत्राला नवं. ज्या सॉफ्टवेअरनं काल 'सात' असं पाठ करून ठेवलं, ते आज सातालाच शोधत बसतं. सात गेला. तो काल संध्याकाळी सावकारांबरोबर घरी गेला.

बरं, घरी जाताना तरी रोज नीट जावं? नाही. संध्याकाळी दिवाबत्तीची वेळ झाली की खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबायची आणि शटर ओढायचं. फुलीनं पडदा बंद होतो, आतलं सत्र नाही. ते तिकडं रात्रभर जागं असतं, अडकलेली बिलं उराशी धरून. मग सकाळी आपण जातो ते नव्या नव्हे, त्याच शिळ्या सत्रात. नीट 'लॉग ऑफ' करून निघा म्हणून सांगितलं तर उत्तर मिळतं, "फुली आहे की मग. फुली कशाला दिली?"

याला तोड नाही.

आता ड्रायव्हरचा प्रश्न. ट्रकचा नव्हे, प्रिंटरचा. जुन्या काळी आपल्या प्रिंटरचा ड्रायव्हर जसाच्या तसा तिकडच्या सर्व्हरवरही बसवलेला असावा लागे. नावात अक्षराचा फरक पडला तरी ओळख नाही. मग २००८ च्या विंडोज सर्व्हरपासून 'इझी प्रिंट' नावाची सोय आली. सर्व्हरनं कुठल्याच प्रिंटरची ओळख ठेवायची नाही, कागदाचं एक सर्वसाधारण चित्र करून इकडं पाठवायचं, आणि इकडच्या संगणकानं आपल्या ओळखीच्या प्रिंटरला ते द्यायचं. कल्पना उत्तम. ज्यानं काढली त्यानं मोंढा पाहिला नव्हता.

मोंढ्यात चालतो डॉट मॅट्रिक्स. सुयांनी शाईच्या फितीवर टोचून अक्षर उमटवणारा, कार्बनच्या तीन प्रती एका दमात काढणारा, हमालाच्या हातचा धक्का सोसणारा. त्याला अक्षर दिलं तर तो अक्षर काढतो: खर्रर्र, खर्रर्र, बिल बाहेर. त्याला 'इझी प्रिंट'नं चित्र दिलं की तो चित्र काढायला बसतो. 'मिरची' या शब्दातला 'मि' काढायला डोकं डावीकडून उजवीकडं, पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं. एकेक ठिपका. वेलांटी संपेपर्यंत ट्रकवाला चहा पिऊन येतो. उपाय आहे: सर्व्हरवर त्या प्रिंटरचा स्वतःचा ड्रायव्हर बसवायचा आणि 'इझी प्रिंट'ला म्हणायचं, तू मागं थांब. पण बसवायला हवा ॲडमिनिस्ट्रेटरचा परवाना. जुलै २०२१ मध्ये छपाईच्या व्यवस्थेतलं 'प्रिंटनाईटमेअर' नावाचं भगदाड जगजाहीर झालं, आणि पुढच्याच महिन्यात विंडोजनं नियम आवळला, की साध्या माणसानं ड्रायव्हर बसवायचा नाही. साधा माणूस म्हणजे तुम्ही, मी आणि मुनीमजी. परवानावाले साहेब हैदराबादला.

साहेबांना रोज फोन करण्याचा कंटाळा येतो. मग तिकडून एक जालीम तोडगा निघतो: "सबको ॲडमिन बना देतूँ." एका सर्व्हरवर दहा दुकानं, दहाही ॲडमिन. आता होतं असं की साध्या माणसाला फक्त आपला प्रिंटर दिसतो, ॲडमिनला सगळ्यांचे दिसतात. प्रिंटर निवडायला गेलं की लांबलचक यादी उघडते, सगळ्यांची कंपनी एकच, मॉडेल एकच, फरक फक्त कंसातल्या आकड्याचा. घाईत मुनीमजी चारऐवजी पाच दाबतात आणि या दुकानाची हिशोबपट्टी गल्लीपलीकडच्या आडत्याच्या प्रिंटरवर खर्रर्र करत बाहेर पडते. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, कापलेली उचल, सगळं. ज्या भावासाठी लिलावात चेहरा दगडाचा ठेवला, तो भाव समोरच्यानं कार्बनच्या तीन प्रतींत वाचला.

पट्टी परत आली, ती एका हमालाच्या हाती, घडी घालून. सोबत निरोप: "सावकार म्हणले, कागद आमचा हाय, पैसे पाठवा."

मला विचाराल तर छपाईत पारदर्शकता आली ती एवढ्यापुरतीच, आणि बाजार समितीला आजवर जे जमलं नाही ते एका चुकीच्या आकड्यानं करून दाखवलं.

अडकलेल्या बिलांचं आणखी एक प्रकरण असतं, त्याला स्पूलर म्हणतात. छापायला आलेला प्रत्येक कागद आधी या स्पूलरच्या रांगेत उभा राहतो. पुढचा एक अडला की मागचे सगळे अडले. त्यावरचा उतारा संगणक शिकलेला कुठलाही पोरगा सांगेल: स्पूलर थांबवा, त्याच्या फोल्डरमधल्या फाइली पुसा, स्पूलर चालू करा. दुकानातल्या संगणकावर हे अगदी रास्त. पण तोच उतारा सर्व्हरवर केला की रांग फक्त आपली साफ होत नाही, दहाही दुकानांची होते. अशा वेळी मोंढ्यात एकाच क्षणी दहा मुनीम एकच शब्द उच्चारतात. तो इथं छापण्यासारखा नाही, आणि छापला असता तरी निघाला नसता.

कधी कधी सगळं सुरळीत असतं आणि बिल 'पीडीएफ'मध्ये जातं. विंडोज १० पासून संगणकाला वाटतं की नेहमीचा प्रिंटर कोणता ते आपणच ठरवावं. काल कुणीतरी शेवटी पीडीएफ काढली असेल तर आज त्याच्या मते तोच नेहमीचा. ही सवय सेटिंगमध्ये जाऊन मोडता येते. तोवर बिलाची फाइल होते, आणि ती जपून ठेवली जाते. कुठं? हैदराबादला.

शेवटी स्थानिक तज्ज्ञ येतो. क्लासमधला पोरगा, अंगठ्याइतका जाड चष्मा. त्याला पत्ता सापडत नाही, म्हणून तो नांदेडच्या दादाला रिमोटवर घेतो. दादा या संगणकाचा ताबा घेतात; या संगणकावर हैदराबादचा ताबा आधीच आहे. एका पडद्यावर आता तिघांचे बाण. मुनीमजी बाणाला डावीकडं ओढतात, दादा उजवीकडं, आणि हैदराबादचा पोरगा फोनवर सांगतो, "हाथ मत लगाओ सर, मैं देखरूँ." ड्रायव्हर गाडी सुरू करून बंद करतो. हॉर्न. पुन्हा हॉर्न.

धर्माबादचा कागद दूर जात नाही असं मात्र कुणी म्हणू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये इथल्या न्यायालयाचं अजामीनपात्र वॉरंट थेट आंध्रच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या, चंद्राबाबू नायडूंच्या नावानं निघालं होतं. प्रकरण बाभळी बंधाऱ्याचं, २०१० च्या आंदोलनाचं. आमचा कागद एका मुख्यमंत्र्याच्या दारी जाऊ शकतो. दोन हातांवरच्या प्रिंटरपर्यंत जाऊ शकत नाही.

आणि बाभळीवरून आठवलं म्हणून एक सूचना करतो. गोदावरीवरचा हा बंधारा आमच्याच तालुक्यातला, २.७४ टीएमसीचा, १४ दरवाज्यांचा. त्याच्यावरून दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडली, आणि २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर. म्हणजे पाऊस पडतो तेव्हा उघडे, पाऊस सरला की बंद. शेतकरी त्यावर काय बोलतो ते बंधाऱ्यावर जाऊन ऐकावं. शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तीन जणांची समिती: एक केंद्रीय जल आयोगाचा, एक खालच्या राज्याचा, एक आपला. निकाल गोड नाही, पण तारीख आहे. १ जुलैला दोन्हीकडचे अधिकारी येतात, बटण दाबतात, दरवाजा हलतो.

प्रिंटरलाही अशी समिती नेमावी. एक सदस्य सर्व्हरकडचा, एक दुकानाकडचा, आणि विंडोजकडून एक निरीक्षक. त्यांनी तारखा ठरवून द्याव्यात, की अमुक दिवशी ड्रायव्हर बसेल, अमुक दिवशी स्पूलर मोकळा होईल, अमुक काळात रांग अडवता येणार नाही. मिरचीच्या हंगामात दरवाजे उघडे ठेवा असं आम्ही मागू, आणि बाभळीचा अनुभव पाहता ते हंगाम सरल्यावर उघडतील, तेही चालेल. ट्रकवाल्याला निदान सांगता येईल की बाबा, अमुक तारखेला ये.

०.६ च्या कलमाचा आग्रह मात्र धरू नये. तेवढं प्रिंटर आजही न चुकता सोडतो. दहा बाय बाराच्या सलग कागदाचं माप सर्व्हरवर कुणी नोंदवलेलंच नाही, तो बापडा अमेरिकेतल्या 'लेटर' मापाचा कागद धरून बसलाय. त्यामुळं वरती दुकानाचं नाव येतं, जीएसटी नंबर येतो, गिऱ्हाइकाचं नाव, कट्टे आणि वजनही येतं, आणि रकमेची ओळ पुढच्या बिलाच्या डोक्यावर जाऊन छापली जाते. मुनीमजींनी आता दोन्ही कागद टाचणीनं जोडून द्यायला सुरुवात केली आहे. सावकारांनी टाचण्यांचा डबा मागवला, त्याचं बिल हातानं लिहिलेलं आलं.