राजीनामा मधमाश्यांचा

माझी नोकरी नेमकी काय आहे हे आईला अजून सांगता येत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं की ती म्हणते, "तो हिंजवडीला असतो." त्यात सगळं आलं, असं माझंही मत आहे. सकाळी भूमकर चौकात अडकायचं, संध्याकाळी त्याच चौकात उलट्या बाजूनं अडकायचं, आणि मधल्या वेळात तीन टीमांनी भरलेले तीन तक्ते एका तक्त्यात आणायचे. तो तक्ता मॅनेजर स्लाइडवर चढवतो. स्लाइड त्याच्या मॅनेजरकडे जाते. तिथून पुढे ती कुठे जाते ते कुणी पाहिलेलं नाही. एका सोमवारी माझ्याकडून मागच्या आठवड्याचाच तक्ता पुन्हा गेला. वरून उत्तर आलं, "गुड प्रोग्रेस."

त्या उत्तरानंतर मला आयुष्याची दिशा शोधावीशी वाटू लागली.

पुण्यात दिशा शोधणाऱ्याला एकटं वाटत नाही. रूममेट म्हणाला, एमपीएससी कर, नवी पेठेत अभ्यासिका बघून देतो. काका म्हणाले, शेअर मार्केट. एका मित्रानं अमृततुल्यची फ्रँचायझी घेऊ म्हणून सुचवलं. आमच्या रस्त्यावर तेव्हाच इतकी अमृततुल्यं होती की गिऱ्हाइकं वाटून घ्यायची तर वाट्याला एकेकच आलं असतं. आई म्हणाली, "बी.एड. करून ठेव." आईच्या मते बी.एड. ही करायची नव्हे, करून ठेवायची गोष्ट आहे, लोणच्यासारखी.

एवढे पर्याय डोक्यात ठेवणं अवघड, म्हणून मी एक्सेल उघडलं. डावीकडे व्यवसाय, वर निकष: उत्पन्न, समाधान, भांडवल, आईची प्रतिक्रिया. प्रत्येक निकषाला वजन, वजनाला सूत्र, सूत्रानुसार लाल, पिवळा, हिरवा रंग. फाइलचं नाव 'दिशा_फायनल_नवीन_खरी'. हे करताना वेळ इतका सुरेख गेला की मला वाटलं, बस, असंच काहीतरी काम आपल्याला मिळालं पाहिजे.

पण गणित जुळेना, म्हणून तज्ज्ञांकडे गेलो. पहिल्या ठिकाणी माझ्या दहाही बोटांचे ठसे घेण्यात आले. बोटावरच्या रेषांवरून करिअर कळतं याला मानसशास्त्रात काही आधार नाही, हे मला माहीत होतं. पण एव्हाना मी पैसे भरले होते. चकचकीत अहवालात निघालं की माझ्यात नेतृत्व आहे, संगीत आहे आणि पाण्याशी संबंधित व्यवसायात मला यश आहे. आईला वाटलं, टँकर घ्यायला सांगितलाय.

दुसऱ्या ठिकाणच्या समुपदेशक बाई मात्र शास्त्रशुद्ध होत्या. त्यांनी हॉलंडची चाचणी दिली. जॉन हॉलंड हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्या सैनिकांच्या मुलाखती घेत असे. सगळी माणसं थोड्याच प्रकारांत बसतात असं त्याला तिथं वाटू लागलं, आणि १९५९ मध्ये त्यानं ते सिद्धांताच्या रूपात मांडलं. प्रकार सहा. हातांनी काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांत रमणारे, धंदा उभारणारे, आणि सहावे म्हणजे कागद, आकडे आणि ठरलेली पद्धत यांत सुख मानणारे. पहिल्या पाचांत मी जेमतेम पास होतो. सहाव्यात माझ्या गुणांची पट्टी आलेखाच्या चौकटीला जाऊन टेकली होती.

"तुमच्यासाठी उत्तम जागा म्हणजे ऑफिस," बाई म्हणाल्या.

मी फीची पावती मागून घेतली आणि सोबत आणलेल्या फोल्डरमध्ये 'पावत्या' या खणात ठेवली. बाईंनी ते पाहिलं आणि अहवालावर एक शेरा वाढवला.

असं अपमानित झाल्यावर माणूस वाचन करतो. मीही केलं, अर्थात ऑफिसच्या वेळेत. या व्यवसाय मार्गदर्शनाची सुरुवात केली कुणी, तर फ्रँक पार्सन्सनं, १९०८ मध्ये, बोस्टनला. हा गृहस्थ आधी रेल्वेत इंजिनिअर. रेल्वे बुडाली तेव्हा लोखंडाच्या कारखान्यात मजूर. मग शाळामास्तर, मग वकील, मग कायद्याचा प्राध्यापक. मध्ये १८९५ ला बोस्टनच्या महापौरपदाला उभा राहिला आणि पडला. एवढं सगळं झाल्यावर त्यानं लोकांना धंदा कसा निवडावा ते सांगायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी वारला. त्यावरचं त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १९०९ मध्ये आलं. मला फार धीर आला. या माणसाला बाईंची चाचणी दिली असती, तर आलेखावर सहाही पट्ट्या एकमेकींशी भांडल्या असत्या.

पार्सन्सच्या जोरावर मी तक्त्यात सगळ्यात खाली, लाल रंगात पडलेला पर्याय उचलला. मधमाशीपालन.

गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. मी तिच्यावरून बसनं शेकडो वेळा गेलो असेन, पण खिडकीतून बघायचो ते समोरचा सिग्नल. तिथलं छोटं प्रशिक्षण केलं आणि अक्षरशः खुळावलो. कामकरी माशी जन्मते ती थेट झाडूकाम करते, पोळ्यातली घरं साफ करते. काही दिवसांनी तिची बदली बालसंगोपनात. मग मेण काढून बांधकाम. मग दारावर पहारा. साधारण तीन आठवड्यांची झाली की तिला बाहेर फिरतीवर पाठवतात, फुलांवर. हंगामात तिचं आयुष्य उणंपुरं सहा आठवड्यांचं, आणि तेवढ्यात ही सगळी खाती पालथी घालते. अप्रेझल नाही, मुलाखत नाही, "पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे बघता" हा प्रश्न नाही. पाच वर्षं म्हणजे तिच्या चाळीसेक पिढ्या.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं होतं. भोर तालुक्यातलं मामाचं गाव त्या रांगेत पुढे आणायचं मी परस्पर ठरवून टाकलं. सातेरी माश्यांची एक पेटी मामाच्या जांभळीखाली ठेवली. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मामा म्हणाला, "आता त्यांचं त्या बघतील."

हे वाक्य मला समजलंच नाही. त्यांचं त्या बघतील म्हणजे? मग रिपोर्टिंगचं काय?

शनिवारी सकाळी मी जाळीचा टोप घालून पेटी उघडायचो. धुरी द्यायची, एकेक चौकट उचलायची, अंडी किती, पिल्लं किती, मध किती इंच, राणी दिसली की नाही. शनिवारी संध्याकाळी पुन्हा, कारण सकाळचे आकडे ताडून बघायला नकोत का? रविवारी निघण्यापूर्वी एकदा. आणि बुधवारी मामा व्हिडिओ कॉलवर झाकण उचलून दाखवायचा. त्याला मी मिड-वीक रिव्ह्यू म्हणायचो, मामा काय म्हणायचा ते मामीलाच ठाऊक. प्रशिक्षणाच्या वहीत 'पेटी वारंवार उघडू नये' हे वाक्य होतं. मी त्याच्याखाली हिरव्या शाईनं रेघही ओढली होती.

सातेरी ही मानी जात. युरोपियन माशी बरंच सोसते. सातेरीला खाणं कमी पडलं, मेणकिडा लागला किंवा कुणी उगाच छळलं, की ती राणीसकट बिऱ्हाड उचलते. पावसाला तोंड लागलं त्या आठवड्यात मामाचा फोन आला.

"भाच्या, तुझा स्टाफ गेला."

"कुठं?"

"ते कुठं सांगत्यात? सकाळी नऊच्या सुमाराला सगळं मोहोळ उठलं, जांभळीला घिरट्या घातल्या आणि खिंडीकडं गेलं. जाताना दोघीतिघींनी मला प्रसाद दिला. तुझा हिशेब माझ्याकडं चुकता केला म्हणायचं."

आम्हाला कंपनीत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे. मला पहिल्यांदा कुणाचा तरी हेवा वाटला, आणि तो सहा आठवडे जगणाऱ्या जिवांचा. तरी मी मामाला विचारलंच, जाण्यापूर्वी त्यांच्या वागण्यात काही बदल दिसला होता का, तक्त्यात 'कारण' असा रकाना रिकामा राहतोय. मामानं फोन मामीला दिला.

रिकामी पेटी आणायला श्रावणात गेलो. भाताची खाचरं हिरवीगार झाली होती, आणि मामा पडवीत मोबाइल हातात धरून घामाघूम बसला होता. ई-पीक पाहणी. आपल्या शेतात काय पेरलंय ते २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतःच ॲपवर नोंदवायचं असतं: गट नंबर, क्षेत्र, पीक, आणि शेतात उभं राहून काढलेला फोटो. ॲप मामाला सारखं मागच्या पानावर ढकलत होतं. मी फोन घेतला, आम्ही चिखलात उतरलो आणि थोड्याच वेळात मामाचं भात सरकारदरबारी रुजू झालं.

मामीनं ही बातमी विहिरीवर नेली. दुपारपर्यंत पडवीत सात-आठ माणसं, प्रत्येकाच्या हातात सातबारा आणि चार्जिंग संपत आलेला फोन. मी मामाच्या पोराची चौकटीची वही घेतली, रकाने आखले: नाव, गट नंबर, पीक, फोटो झाला का, शेरा. चिठ्ठ्यांवर नंबर घालून वाटले. कुणी मध्ये घुसलं तर "नंबरानं या" असं मी ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज माझ्यात कुठून आला कोण जाणे. मामीनं दोनदा जेवायला हाक मारली. मी आतूनच सांगितलं, लंच दीडला.

शेवटी एक आजोबा काठी टेकत आले. त्यांचं सगळं कागदपत्र नीट होतं, काही म्हणजे काही कमी नव्हतं. मी ते पुन्हा एकदा चाळलं, चष्मा पुसला आणि आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आणायला सांगितल्या. कशाला लागणार होत्या ते मलाही माहीत नव्हतं.