लोकसहभागातून वर्ग कसा चालवावा : नव्या ताईंसाठी सूचना

अभिनंदन! महापालिका शाळेतली पहिली ते चौथीची मुले शाळा सुटल्यावर वस्तीतल्या समाजमंदिरात बसवण्यासाठी तुमची निवड झाली आहे. मुलांना वाचायला शिकवणे हा या कामातला किरकोळ भाग. मुख्य काम लोकसहभागाचे. पुढील सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. जागा. समाजमंदिराची किल्ली मंडळाच्या अध्यक्षांकडे असते आणि अध्यक्ष गावी असतात. ते परततात त्या दिवशी हॉलमध्ये साखरपुडा असतो. तोवर वर्ग पायऱ्यांवर भरवावा आणि अहवालात ‘मुक्त वातावरणातील शिक्षण’ असे लिहावे.

२. गट. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी वाचनचाचणी जरूर घ्यावी. चौथीतला मुलगा शब्दापाशी अडतो आणि दुसरीतली मुलगी गोष्ट घडाघडा वाचते, असे आढळेल. ‘प्रथम’सारख्या संस्था अशा वेळी इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट पाडतात. आपण चौथीच्या मुलाला चौथीचेच पुस्तक द्यावे. वाचता आले नाही तरी इयत्तेचा मान राहतो.

३. धाकटी भावंडे. तिसरीतली एखादी मुलगी भावाला कडेवर घेऊन येईल. सहा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, हे तिला गोड शब्दांत सांगावे. दुसऱ्या दिवसापासून भाऊ येणार नाही. तीही येणार नाही. तिच्या नावापुढे ‘पालकांची उदासीनता’ असा शेरा मारावा.

४. पालकसभा. वार बुधवार, वेळ सकाळी अकरा. तेव्हा आया धुणीभांड्यांच्या तिसऱ्या घरी आणि बाप मजुरीच्या नाक्यावर असतात, त्यामुळे सभा शांततेत पार पडते. संध्याकाळी नळाला पाणी येते तेव्हा वस्तीतल्या निम्म्या आया हंडे घेऊन एका रांगेत सापडतात. तिकडे फिरकू नये. तिथे त्या प्रश्न विचारतात.

५. समिती. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला लागतात. कायद्याचा आदर राखावा. इतिवृत्त आधीच लिहून ठेवावे आणि सह्यांसाठी वही मुलांच्या हाती घरी धाडावी. मात्र दुसरीतल्या त्या मुलीकडे ती कधीही देऊ नये. ती ठराव आईला मोठ्याने वाचून दाखवील, शेजारणी दारात येतील, ‘ही सभा झाली कधी?’ असे कोणीतरी विचारील, आणि खरोखरीचा लोकसहभाग सुरू होईल.

६. मूल्यमापन. फोटोत बॅनर पूर्ण यावा. मुले मावतील तेवढी घ्यावीत.

एवढे करूनही मुले येतच राहिली, तर खचून जाऊ नये. मार्चअखेर प्रकल्पाची मुदत संपते.