बंगला निघाला मोहोळला

मला घरात झोप येत नाही, गाडीत येते. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, जायफळ उगाळून झालं, तळपायांना काशाच्या वाटीने तूप चोळून झालं. रात्री दोनला मी टक्क जागा असतो आणि सकाळी स्वारगेटला बसमध्ये बसलो की दांडेकर पूल यायच्या आत माझी मान शेजाऱ्याच्या खांद्यावर. एसटीची मागची सीट, जिथे धडधाकट माणसाचे मणके आपापल्या जागा बदलतात, तिथे मी घोरतो. तेव्हा एका रात्री मला सरळ उपाय सुचला, की घरच हलतं घ्यावं. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "झोपा आता." पण अडचण तीच तर होती.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच बिछाना, गाडीतच ओटा, गाडीतच संडास. मी उत्साहाने चौकशी केली. किंमत ऐकून गाडी न हलताच मला ग्लानी आली. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "इथे स्कूटर लावायला जागा नाही, तुम्ही बंगला लावणार?" मग पोर्टा केबिनवर आलो. तिला चाकं नसतात, पण हायड्रा क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवली की जाते बिचारी कुठेही. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना यवतजवळ दोन-दोन गुंठे दिले आहेत, अगदी लागून. मध्ये एक बाभूळ आहे. शेंगा पडल्या की ती साडूंची असते आणि काटे पडले की माझी. या चार गुंठ्यांत आधी छप्पर कोणाचं उभं राहतं, याची आमच्यात शर्यत आहे. अर्थात दोघांनीही ती कधी कबूल केलेली नाही. साडू सोलापूरचे. त्यांचाच फोन आला, "पुणेकर, तिकडं कशाला महागातलं घेता? आमच्या चिंचोळी एमआयडीसीत तयार मिळतंय की!"

साडू स्वतःहून माझा फायदा सांगतात, यात काहीतरी असणार हे मला कळायला हवं होतं, असं बायको आता म्हणते. तेव्हा तीच म्हणाली होती, "जाऊन या, निदान गाडीत तरी झोपाल."

इंद्रायणीने गेलो. दौंडनंतरचं मला काही आठवत नाही. सोलापूर शेवटचं स्टेशन आहे, हा त्या गावाचा मला सर्वांत आवडणारा गुण. सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ साडूंनी गाडीतूनच दाखवलं, भुईकोट किल्ल्याच्या बाजूने बोट केलं, आणि थेट घरी नेऊन पानावर बसवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, तिच्यावर दही, पुन्हा चटणी. बाहेर एप्रिलातलं सोलापूर तापलं होतं. अशा जेवणानंतर कुठल्याही सुज्ञ माणसाने खरेदी करू नये, आणि साडूंनी मला नेमकं तेव्हाच बाहेर काढलं. पुणे रस्त्याला लागलो. केगावचं विद्यापीठ लागलं म्हणे, कोंडी लागलं म्हणे. मला एकदम वासाने जाग आली. चिंचोळीत रसायनांचे आणि औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने आहेत; खोकल्याचं औषध आणि जळका रबर एकत्र केल्यासारखं काहीतरी नाकात गेलं. साडूंनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "आता पोचलो."

कारखान्याचं नाव सांगत नाही. पत्र्याची एक लांब शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि आवारात ओळीने उभ्या केबिनी. फोरमन पुढे आला. सोलापुरात अनोळखी माणसाला मालक म्हणतात. ज्याच्या नावावर पुण्यात दीड खोली आहे आणि तीही बायकोसोबत जॉइंट, त्याला दर वाक्याला "मालक" ऐकून काय होतं ते सांगता येत नाही. पाठ आपोआप ताठ होते. खाली लोखंडी चॅनेलची चौकट, बाहेरून जीआय पत्रा, मध्ये ग्लासवूल, आतून लॅमिनेटचा बोर्ड, जमिनीला बायसन बोर्ड आणि वर व्हिनाइल. चार कोपऱ्यांना चार हूक, क्रेनचे. मी भिंतीवर टकटक करून बघितलं. का करतात ते मला ठाऊक नाही, पण सगळे करतात.

"रुंदी किती?" मी विचारलं.

"धा फूट, मालक. आठ फुटीत माणूस पाय पसरून पडत न्हाई."

इथे माझी जागरणं कामाला आली. रात्री-रात्री मी या विषयाचा एवढा अभ्यास केला आहे, की विचारू नका. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने न्यूअर्कहून ह्यूस्टनला एका जुन्या तेलवाहू जहाजावरून ५८ पेट्या पाठवल्या आणि तेव्हापासून जगाचा माल पेटीतून फिरायला लागला. त्या पेटीची रुंदी आठ फूट. आपल्याकडे ट्रकची रुंदी २.६ मीटरच्या वर चालत नाही. दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या वर, म्हणजे वेगळी परवानगी. हे सगळं मी फोरमनला सांगितलं. बायकोला पूर्वीच सांगितलंय, पहाटे तीन वाजता. ती हल्ली हॉलमध्ये झोपते. फोरमनने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ते आमचा डायव्हर बघतो."

साडू भाव करायला ऑफिसात गेले. माझा मोबाइल त्यांच्या गाडीत चार्जिंगला. फोरमन म्हणाला, "तवर आत बसून बघा मालक, ती कडंची तयार हाय." कडेच्या केबिनीत शिरलो. एका कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक, एक शेगडी, बादली, भिंतीला कॅलेंडर, त्याच्यावर दुधाच्या खुणा. आणि खाली अंथरलेली सोलापुरी चादर. मला वाटलं, नमुना म्हणून मांडून ठेवलंय. पुण्यात फ्लॅट दाखवतात तेव्हा फ्रिजमध्ये प्लॅस्टिकची सफरचंदं ठेवतात, तसं. झोपण्यासाठी घ्यायच्या घरात झोपून बघायला नको? चादरीवर अंग टाकलं. उन्हाने पत्रा तडतडत होता. घरासारखीच झोप येईना. मग कुठून तरी जमीन हळूच वर गेली, जराशी झुलली, मग खाली टेकली, मग इंजिनाची घरघर सुरू झाली, आणि मला इतकी गाढ झोप लागली की तशी लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर लागत असे.

जाग आली ती ट्रंकेने. ती माझ्या गुडघ्यावर येऊन आदळली आणि पुन्हा मागे गेली. खिडकीबाहेर बघतो तर बाभळी पळत होत्या.

अशा वेळी माणूस काय करतो? मी आधी घड्याळ बघितलं. मग दार ढकललं. कडी बसवायची राहिली होती, म्हणून कोणीतरी बाहेरून बाइंडिंग वायरने आवळून टाकलं होतं. खिडकीला लोखंडी गज. मी ओरडलो. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हलगीची गाणी लावलेली. माझा आवाज त्यात ठेक्यासारखा मिसळला असणार. बाजूने एसटी गेली. खिडकीतल्या आजोबांनी माझ्याकडे बघून हात जोडले. गजाआडून दहा फूट रुंदीच्या घरात बसून हायवेने चाललेला माणूस म्हणजे कोणी महाराज किंवा कैदी, यांपैकी त्यांनी महाराज धरला, ही त्यांची भलमनसाई. मोटरसायकलवरच्या एका पोराने मोबाइल काढून शूटिंग केलं. मी "थांबवा!" असा हात केला, त्याने "एकच नंबर!" असा अंगठा केला. ब्रेक लागला की बादली आणि ट्रंक माझ्या अंगावर येत. ट्रेलरने वेग घेतला की मी त्यांच्या अंगावर जाई. कॅलेंडर मात्र जागचं हललं नाही, त्याचा खिळा चांगला होता. बांधकामाच्या दर्जाबद्दल तेवढंच समाधान.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५, पुण्यापासून आंध्रातल्या मछलीपट्टणपर्यंत. ट्रेलर उलट्या तोंडाने निघाला असता तर मी समुद्रावर जागा झालो असतो.

गज धरून उभा होतो तेव्हा एक भलतीच गोष्ट डोक्यात आली आणि काही केल्या जाईना. सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. ज्यांची घरं गाढवावर, डोक्यावर, पाठीवर फिरायची अशा जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, आणि त्यांतल्या कितीतरी लोकांना इथे तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. हजेरी, पास, गिरणीतलं काम, पुन्हा आत. कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं. घर फिरतं ठेवलं म्हणून त्यांना गजाआड केलं, आणि मी त्याच गावात भाव करून, वर डिस्काउंट मागून फिरतं घर घ्यायला आलेलो. याच्यावर काही विनोद सुचेना. मग ट्रंक पुन्हा गुडघ्यावर आली.

सावळेश्वरचा टोलनाका. रुंद गाड्यांची कडेची लेन. ट्रेलर थांबला, हलगी थांबली, आणि मी उरलंसुरलं सगळं बळ लावून पत्र्यावर थापा मारल्या. तार कापून दार उघडलं तेव्हा खाली ड्रायव्हर, टोलवरची दोन पोरं आणि एक चहावाला उभे होते. ड्रायव्हर माझ्याकडे बघून पहिल्यांदा काय म्हणाला? "मालक, हळू बोला. दहा फुटीची परवानगी न्हाई." म्हणजे आम्ही दोघंही बेकायदा माल होतो. ही केबिन मोहोळच्या पुढे रस्त्याच्या कामावर साइट ऑफिस म्हणून निघाली होती. टोलवरचं एक पोरगं गंभीरपणे म्हणालं, "मालवाहू गाडीत प्रवासी बसवता येत न्हाई." मी म्हटलं, "मी प्रवासी नाही, मी गिऱ्हाईक आहे." त्याने विचार केला. त्याच्या मशीनमध्ये तसा प्रकार नव्हता.

एवढ्यात एक मोटरसायकल भरधाव येऊन थांबली. कारखान्याचा वॉचमन आणि मागे त्याची बायको. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चिंचोळीत आपली आठवण निघाली तर! ती बाई मला बाजूला सारून वर चढली, ट्रंक उघडली, लुगड्याखाली हात घालून काहीतरी चाचपलं आणि मगच श्वास सोडला. मग माझ्याकडे लक्ष गेलं.

"आन् हे कोन?"

तेव्हा उलगडा झाला. नमुना वगैरे काही नव्हतं. ते दोघं आवारातच राहतात. जी केबिन तयार असून विकायची राहिली असेल तिच्यात. ती विकली गेली की ट्रंक, शेगडी, कॅलेंडर उचलून पुढच्या केबिनीत. एरवी आधी सांगतात, आज सांगितलं नाही. ती पाण्याला गेली होती आणि घर गेलं. चांगली मोठी केबिन मिळाली की सणाला बरं पडतं, ती सांगत होती, पण मोठ्या लवकर खपतात. तिची नणंद विड्या वळते. तिला कुंभारीला रे नगरात पक्कं घर मिळालं, पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या ना २०२४ च्या जानेवारीत, पंतप्रधान येऊन, त्यातलं. "तिच्याकडं खिळा मारला की मारला," ती म्हणाली आणि कॅलेंडर काढून गुंडाळलं.

मी चादर घडी करून दिली. नीट घडी घालता आली नाही. तिने ती झटकून पुन्हा घातली.

साडू आले ते अर्ध्या तासाने, गाडीतून, हसतच. फोरमनने त्यांना "पाव्हणे फिरायला गेले" म्हणून सांगितलं होतं. जवळच लांबोटी आहे आणि लांबोटीला मक्याचा चिवडा मिळतो, म्हणून सगळ्यांना चिवडा खाऊ घालायचा ठराव साडूंनी मांडला, पैसे माझे. ड्रायव्हर खुश झाला. वॉचमनने दोन पुड्या बांधून घेतल्या. बाई मात्र चिवड्याला हात न लावता माझ्याकडे बघत होती.

"सायेब, ती शेजारची निळी केबिन, ती तुम्ही घेनार काय? घेनार असाल तर आत्ताच सांगा. आता तिच्यातच जायचं हाय आमाला. घेनार असाल तर मांडत न्हाई सगळं, वरवर ठिवते."

आयुष्यात इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही विक्रेत्याने विचारलेला नाही. मी म्हणालो, "नाही हो. मी पावसाळ्यानंतर बघीन." तिचा चेहरा उजळला. मग दिवाळीपर्यंत काळजी नाही, ती नवऱ्याला म्हणाली; भिंतीला फळीसुद्धा मारता येईल.

साडू चिवड्यातला कांदा शोधत होते. ते वर न बघता म्हणाले, "फळी नका मारू. निळी आज मी बुक केलीय. येत्या गुरुवारी यवतला टाकणार."