चित्रपटाची तबकडी विकत घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

चित्रपट नुसता पाहून ज्यांचे समाधान होत नाही, तो कपाटात उभा केलेला दिसला पाहिजे, अशा गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. बाकीच्यांनी पान उलटावे.

प्रथम घरात प्लेअर आहे का ते पाहावे. पुष्कळ घरांत तो असतो, पण सेट-टॉप बॉक्स ठेवायचे स्टूल म्हणून. त्याचा खण बटण दाबल्यावर बाहेर येत असेल तर पुढे वाचावे. येऊन लगेच आत जात असेल तरी वाचावे. थोड्या सरावाने त्याच्याकडून तबकडी झेलून घेता येते.

शास्त्राने तबकडीप्राप्तीचे दोन मार्ग सांगितले आहेत: दुकानमार्ग आणि घरपोचमार्ग. तिसरा पुलमार्ग त्याज्य आहे, त्याविषयी योग्य वेळी हळू आवाजात.

दुकानमार्गात पहिली अडचण अशी की दुकान सापडले पाहिजे. सापडलेच, तर आत शिरताना आपल्याला काय हवे ते ठाऊक असल्याचा भाव चेहऱ्यावर आणू नये. ‘जब्बार पटेलांचा सिंहासन आहे?’ असे थेट विचारणाऱ्याला दुकानदार मान न वळवता ‘नाही’ म्हणतो. ‘सिंहासन’ त्याच्याच मागच्या फळीवर दादा कोंडके आणि अष्टविनायक दर्शन यांच्या मध्ये असतो, पण ते शोधायला उठावे लागते. त्यापेक्षा काही न बोलता चाळत राहावे. थोड्या वेळाने संशय येऊन तोच विचारतो, ‘काय बघताय साहेब?’ आता तो उठलेला असतो. इथे मागणी नोंदवावी.

दुकानातली वर्गवारी ग्रंथालयशास्त्राला मान्य होणार नाही, पण तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. एक खण लक्ष्याचा, एक अशोक सराफचा. दोघे एकाच चित्रपटात असले तर दुकानदाराला जो आवडतो त्याचा. एक खण धार्मिक, एक नाटकांचा, एक बालगोपाळांचा. उरलेले सगळे ‘अवॉर्डवाले’. या खणात ‘श्वास’ असतो, ‘उंबरठा’ असतो, आणि कव्हरवर कुणी हसत नाही एवढ्याच पुराव्यावर आत टाकलेला एखादा खूनपटही असतो. तो घ्यावा. बहुधा बरा निघतो.

या मार्गाला एकेकाळी मोठा बहर आला होता. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. भाव ठरवताना तिने इतर अस्सल कंपन्यांकडे पाहिलेच नाही, पुलावरच्या चोरट्या मालाकडे पाहिले. कोऱ्या तबकड्या बनवण्यात ती जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक, त्यामुळे चोराला प्रत कितीला पडते हे तिच्याइतके कुणाला कळणार? चौतीस रुपयांत चित्रपट मिळू लागल्यावर माणसे निवड करायचीच थांबली. आवडलेले घेतले, न पाहिलेले घेतले, पाहून पस्तावलेलेही घेतले, आणि संग्राहक म्हणतात तो याच अवस्थेला पोहोचलेल्या माणसाला. पुढे २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिच्या तबकड्या मात्र अजून चालतात, जे २८ रुपयांच्या मानाने काही कमी नाही.

व्हीसीडीबद्दल नव्या पिढीला दोन शब्द सांगायला हवेत. तिच्यात जेमतेम सव्वा तास मावतो. म्हणून मराठी चित्रपट दोन तबकड्यांवर आणि ऐसपैस हिंदी चित्रपट तीन तबकड्यांवर येई. पहिली कुठे संपावी हे दिग्दर्शकाच्या हाती नव्हते. नायिका इतकी वर्षे दडवलेले सत्य सांगायला तोंड उघडते आणि पडदा निळा होतो. मग घरातला सर्वांत धाकटा उठतो, चुकून पुन्हा पहिलीच घालतो, आणि सगळ्यांना नायिका गरोदर असल्याचे वेटाळातल्या काकूंकडूनच कळते, कारण त्यांनी थिएटरात पाहिलेला असतो.

मुंबईकरांसाठी दुकानमार्गाचे तीर्थक्षेत्र म्हणजे काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाऊस’. १९४० च्या दशकापासून चालू असलेले हे दुकान आधी गाण्यांचे, पुढे चित्रपटांचेही झाले. तिथे एके काळी रेकॉर्ड आधी ऐकून मग घ्यायची सोय होती, म्हणजे कित्येक जण ऐकून न घेताच जात आणि तरी त्यांना कुणी हाकलत नसे. ६ जानेवारी २०१६ रोजी नेटफ्लिक्स भारतात आले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस ‘ऱ्हिदम हाऊस’ बंद झाले. पण त्याचा दोष नेटफ्लिक्सला देऊ नये. दुखणे जुने होते: आधी चोरट्या प्रती, मग डाऊनलोड, मग घरबसल्या सवलत. दुकानाची जागा पुढे नीरव मोदीने घेतली आणि त्याच्यापाठोपाठ ईडीने तिच्यावर टाच आणली. सबब, तीर्थयात्रेला निघालेल्यांनी पत्ता विचारताना खुलासा करावा, नाहीतर आपण तारखेला आलो आहोत असा लोकांचा समज होतो.

आता पुलमार्ग. स्टेशनच्या पुलावर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर ‘मास्टर प्रिंट’ मिळतो, ज्यात पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांची डोकीही मूल्यवर्धन म्हणून दिलेली असतात. महाराष्ट्रात या धंद्याला कायद्याने मानाचे पान आहे. १९८१ चा एमपीडीए कायदा ज्यांना स्थानबद्ध करण्यासाठी आहे, त्यांची यादी त्याच्या लांबलचक नावातच येते. तीत झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि वाळू तस्कर यांच्या पंक्तीला व्हिडिओ पायरेट्स बसलेले आहेत. केंद्रानेही २०२३ मध्ये थिएटरातल्या चोरट्या चित्रीकरणाला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. तेव्हा पुलावर चालताना नजर सरळ ठेवावी आणि लोकल पकडावी.

घरपोचमार्गाकडे वळू. अ‍ॅमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात दुकान थाटले तेव्हा माल दोनच प्रकारचा होता: पुस्तके, आणि चित्रपट व मालिकांच्या तबकड्या. आज तिथे शेणाच्या गोवऱ्या लवकर सापडतात आणि तबकडी उशिरा. ‘पिंजरा’ लिहिले की पोपटाचे पिंजरे येतात, ‘उंबरठा’ लिहिले की पायपुसणी, ‘सिंहासन’ लिहिले की देवघरातले चौरंग. म्हणून नाव संपूर्ण कुळासकट लिहावे: ‘पिंजरा, १९७२, व्ही. शांताराम, डीव्हीडी’. पोपटाचा पिंजरा तरीही येतो, पण दुसऱ्या क्रमांकावर.

अभिप्राय वाचायचीही रीत आहे. एक तारा म्हणजे खोका चेपलेला होता. पाच तारे म्हणजे अजून उघडलेला नाही. तीन तारे देणारा एकटाच चित्रपटाबद्दल बोलतो आणि त्याला शेवट आवडलेला नसतो, तो शेवट त्याने सांगितलेलाही असतो. ‘शेवटची एकच प्रत’ या पाटीने घाबरून जाऊ नये. ती प्रत वर्षभर शेवटचीच असते, भाव तेवढा वाढतो.

पुडके आल्यावर पैशांची आठवण काढण्याआधी ते कानाशी धरून हलवावे. खडखडले तर आतले दात मोडले असून तबकडी मोकाट हिंडते आहे असे समजावे. खडखडले नाही तर आत तबकडीच नसण्याची शक्यता विचारात घ्यावी.

इथे मार्गदर्शकाने तटस्थ राहायचे असते, पण राहवत नाही. घरपोचमार्गाने तीच वस्तू मिळते जिचे नाव आपल्याला आधी ठाऊक आहे. दुकानदार मात्र ‘सिंहासन संपला’ म्हणून ‘सामना’ हातात ठेवतो आणि वर ऐकवतो की दिग्दर्शक तोच, लिहिणारे तेंडुलकरच, न्यायचा तर न्या. संगणकही शिफारस करतो, नाही असे नाही. ‘सिंहासन’ घेणाऱ्यांनी गुडघ्याचे तेलही घेतले, असे तो कळवतो. वय ओळखण्यात त्याची सहसा चूक होत नाही.

परदेशी तबकडी मागवणाऱ्यांनी विभागाचा आकडा पाहावा. डीव्हीडीच्या जगात अमेरिका पहिल्या विभागात, ब्रिटन दुसऱ्या आणि आपण पाचव्या. ब्ल्यू-रेत भारत, चीन आणि रशिया एकाच गटात आहेत, राजदूतांनी याची नोंद घ्यावी. लंडनहून पुतण्याने प्रेमाने आणलेली तबकडी आपल्याकडे ‘विभाग चुकीचा’ एवढेच दाखवते. संगणकाच्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा पाचच वेळा असते. पाचव्यांदा जिथे थांबाल तिथले कायमचे रहिवासी व्हाल. उलट दिशेला मात्र वाट मोकळी आहे. आपल्याकडच्या बहुतेक डीव्हीड्यांवर विभागाचे कुलूपच नसते, त्यामुळे न्यू जर्सीच्या आजोबांसाठी लोणच्याच्या बरण्यांमध्ये निर्धास्त घालाव्यात. लोणचे अडेल, ‘धूमधडाका’ अडणार नाही.

शेवटचा टप्पा घरातच पार पडतो आणि तोच सर्वांत अवघड. तबकडी खणात सरकवताना सोफ्यावरून आवाज येतो, ‘हा तर यूट्यूबवर फुकट आहे.’ यावर वाद घालू नये. मालकी हक्क, छपाईची प्रत, मधल्या जाहिराती, उद्या कंपनीने काढून टाकला तर काय, हे मुद्दे बरोबर असले तरी बसल्या जागी कुणाला पटलेले ऐकिवात नाही. शांतपणे रिमोट दाबावा. प्रथम चोरट्या प्रतींविरुद्धचा इशारा येतो, जो पुढे ढकलता येत नाही. मग कंपनीची धून, मग कंपनीच्याच इतर पाच चित्रपटांच्या जाहिराती, मग मेन्यू, मग मेन्यूवरचे गाणे, जे कडव्याच्या मधोमध तुटून पुन्हा सुरू होते. एवढ्यात सोफ्यावरचा माणूस मोबाइलवर मध्यंतरापर्यंत पोहोचलेला असतो. ‘खलनायक कोण ते सांगू नका’, अशी त्याला विनंती करावी.