सीओटूवाल्यांची बाजू

पेंटबॉल खेळणारा शहाणा माणूस आज दाबाची हवा वापरतो, आणि त्याचे बरोबर आहे. हवेच्या टाकीत 3000 किंवा 4500 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब असतो. टाकीच्या तोंडाशीच रेग्युलेटर असतो, तो मार्करला, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीला, 800 किंवा 450 चा ठरलेला दाब देतो. टाकी तळाला जाईपर्यंत प्रत्येक गोळी जवळपास एकाच वेगाने सुटते, मग बाहेर बर्फ असो की कडक ऊन. कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे सीओटूचे, तसे नाही. तो थंडीत गळाठतो, उन्हात उसळतो, भराभर गोळ्या झाडल्या की दमतो, आणि कधीकधी द्रवरूपातच मार्करमध्ये शिरून ओ-रिंगा खराब करतो. यातला एकही आरोप खोटा नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगून पढतमूर्खासाठी त्याच दशकात वेगळा समास लिहिला. एवढे सगळे ठाऊक असून सीओटूची टाकी लावणाऱ्याला लोक त्या समासात बसवतात. मला मात्र त्याचीच बाजू घ्यायची आहे, कारण हा खेळ त्याला जितका कळतो तितका हवावाल्याला कळण्याची गरजच पडत नाही.

आधी टाकीत काय घडते ते पाहू. हवा कितीही दाबली तरी मैदानावरच्या तापमानात ती वायूच राहते. कार्बन डायऑक्साइड मात्र द्रव होतो. टाकीत खाली द्रव, वर त्याची वाफ, आणि दाब किती हे टाकी किती भरली आहे यावर नव्हे, तर तापमानावर ठरते. 21 अंश सेल्सिअसला तो सुमारे 850 पीएसआय असतो, 10 अंशाला साधारण 650, आणि शून्याला जेमतेम 500. म्हणजे अर्धी संपलेली टाकी आणि नुकती भरलेली टाकी यांचा दाब एकच, पण सकाळचा आणि दुपारचा दाब निराळा. 31 अंशांच्या वर तर द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही.

गोळी सुटली की थोडी वाफ बाहेर पडते, तिची जागा घ्यायला थोडा द्रव उकळतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो टाकीच्या धातूतूनच ओढतो. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगडीवर भरधाव चाललेल्या गॅस सिलिंडरला बाहेरून पांढरे बर्फ धरते, त्याचे कारण हेच. सलग तीस-चाळीस गोळ्या झाडल्या की टाकी हाताला गार लागते, दाब उतरतो आणि गोळ्या अलीकडेच पडू लागतात. थांबले, टाकीला पुन्हा ऊब मिळाली, की दाब परत येतो. हवावाले याला दोष म्हणतात. मी याला शिस्त म्हणतो. कुठल्याही पंचाने न लादलेली आणि कुणालाही चुकवता न येणारी ही मर्यादा आहे. सीओटूवर खेळणारा एक गोळी झाडतो, पाहतो, सरकतो, मग दुसरी झाडतो. झाडामागे बसून धार सोडल्यासारखा गोळीबार करणे त्याला परवडतच नाही.

मुळात हा खेळ अशा गोळीबारासाठी जन्मलाच नव्हता. नेल-स्पॉट 007 हे पिस्तूल अमेरिकेतल्या डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीने नेल्सन या रंगाच्या कंपनीसाठी बनवले. ते जंगलात तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून खूण करण्यासाठी होते. त्यात 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची बोटाएवढी कुपी बसे, आणि प्रत्येक गोळीसाठी हाताने बोल्ट ओढावा लागे. न्यूयॉर्कचा शेअर व्यापारी हेज नोएल आणि न्यू हॅम्पशायरमध्ये राहणारा लेखक चार्ल्स गेन्स यांचा वाद लागला होता, की रानात शेवटपर्यंत कोण तगेल, शहरातला माणूस की रानातला. त्यांनी बॉब गर्न्सीला सोबत घेतले आणि 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात 12 जणांना एकेकटे सोडले. सगळ्या तळांवरचे झेंडे गोळा करून गोळी न लागता बाहेर यायचे, हा खेळ. जिंकला तो एक वनकर्मी, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही.

मला पेंटबॉलच्या सगळ्या इतिहासात याहून मोलाची गोष्ट दिसत नाही. पहिल्या सामन्याचा विजेता रान ओळखत होता, गप्प राहू शकत होता, आणि कमरेच्या कुपीतला वायू त्याने खर्चच केला नाही. नंतर स्क्रूने बसणाऱ्या मोठ्या टाक्या आल्या, 1990 च्या दशकात दाबाची हवा आली, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आले, आणि स्पर्धांच्या नियमांत सेकंदाला किती गोळ्या याची कमाल मर्यादा लिहावी लागली. नियमात लिहावी लागलेली ती गोष्ट सीओटू निसर्गतःच करत होता.

पैशाची बाजूही लहान नाही. 20 औंसाच्या, म्हणजे 567 ग्रॅम वायूच्या टाकीची पोटातली जागा लिटरभराहून कमी असते, पण तो सगळा द्रव वाफ होऊन बाहेर आला तर सुमारे 300 लिटर वायू होतो. 48 घनइंचाच्या 3000 पीएसआयच्या हवेच्या टाकीतून 160 लिटरच्या आसपास निघतात. तेवढाच साठा हवेतून हवा असेल तर 4500 पीएसआयची, कार्बन फायबर गुंडाळलेली महाग टाकी घ्यावी लागते, आणि ती भरायला तितक्याच ताकदीचा कॉम्प्रेसर कुठेतरी चालू असावा लागतो. सीओटूला कॉम्प्रेसर नको. वेल्डिंगवाल्याकडे किंवा सोड्याचे सिलिंडर पुरवणाऱ्याकडे मिळणारे मोठे नळकांडे, भरण्याची जोडणी आणि अचूक वजनकाटा एवढ्यावर गावाबाहेरचे मैदान चालते. फोर्ट वेनच्या टिपमन कंपनीचे 98 कस्टम हे मार्कर याच वायूवर चालण्याजोगे दणकट बनवलेले आहे, आणि अमेरिकेत कित्येकांच्या हाती आलेले पहिले मार्कर तेच.

द्रव आत शिरण्याच्या तक्रारीवरही उत्तर आहे, फक्त ते विकत घेऊन भागत नाही, समजून घ्यावे लागते. टाकी मार्करच्या मागे आडवी असते. मार्करची नळी खाली झुकवली की टाकीचे बूड वर जाते आणि द्रव झडपेकडे धावतो. मग नळीच्या तोंडातून पांढरा धूर निघतो, गोळीचा वेग भरकटतो, आणि लपलेला खेळाडू सगळ्यांना दिसतो. म्हणून नळी किंचित वर धरायची. टाकीत अँटी-सायफन नळी बसवून घ्यायची. ती आत वाकवलेली असते, तिचे तोंड वरच्या वाफेत राहते. पण टाकी पूर्ण आवळल्यावर ते तोंड वरच येईल अशी ती आपल्याच मार्करवर जुळवावी लागते. टाकी आणि मार्करच्या मध्ये एक्स्पान्शन चेंबर असला तर उरलेल्या थेंबांनाही वाफ व्हायला जागा मिळते. ही सगळी माहिती हवावाल्याला लागत नाही आणि म्हणून बहुधा नसते. सोलेनॉइडवर, म्हणजे विजेच्या झडपेवर, चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्करला मात्र हा वायू लावू नये, त्यात माझा आग्रह नाही. ती यंत्रे हवेसाठीच केलेली आहेत, द्रवाच्या एका घोटाने त्यांचा नाजूक भाग कामातून जातो.

एका बाबतीत मी हवावाल्यांशी अजिबात भांडणार नाही, आणि ती बाब सुरक्षेची. बहुतेक मैदानांवर गोळीच्या वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला 280 ते 300 फूट असते. गारठ्याच्या सकाळी 280 वर जुळवलेले मार्कर दुपारच्या उन्हात, त्याला कुणी हात न लावता, मर्यादा ओलांडू शकते. जो सीओटू वापरतो त्याला हे ठाऊक असलेच पाहिजे. ज्याला वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफपाशी पुन्हा जायचा कंटाळा आहे त्याने खुशाल हवा घ्यावी, तो या वायूच्या लायकीचा नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे जुने दणकट मार्कर पडून आहे त्यांनी ते मोडीत काढू नये, सीओटूवरच चालवावे. टाकी अंदाजाने नव्हे, काट्यावर वजन करून भरून घ्या. जास्त भरलेली टाकी तापली की आतल्या द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि सुरक्षेची चकती फुटते. भरलेली टाकी उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नका. झडप टाकीपासून सुटी करायचे काम जाणकारावरच सोपवा, ठरलेल्या मुदतीत टाकीची दाबचाचणी करून घ्या. ऊन चढले की वेग पुन्हा मोजा, आणि मैदानात असेपर्यंत गॉगल एक क्षणही उतरवू नका.