अ, ब, क आणि ड

सांगली-मिरज-कुपवाडच्या नगरसेवकांची मुदत ऑगस्ट 2023 मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ अडीच वर्षं महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या सहीवर चालला. सातारा नगरपालिकेने तर डिसेंबर 2021 पासून चार वर्षं नगरसेवकांविना काढली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. इकडे ओबीसी आरक्षणाच्या खटल्याच्या तारखा पडत राहिल्या. फ्लेक्सवर मात्र कसलीच पोकळी नव्हती. चौकाचौकात 'भावी नगरसेवक' हात जोडून उभेच होते.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये कान पिळले, तेव्हा कुठे मतदान झालं. आता भावी गेले, मान्यवर आले. त्यांचं काम काय? कायद्याला विचाराल तर अंदाजपत्रक वाचणं, सभेत प्रश्न विचारणं, ठेक्याचा हिशेब मागणं. आम्हाला विचाराल तर गटार उपसून देणं, लग्नाला येणं आणि दहाव्याला त्याहून लवकर येणं. अंदाजपत्रक वाचल्याबद्दल कुणी निवडून आल्याचं ऐकिवात नाही.

बाकड्यावर मात्र माणूस निवडून येतो. ते सिमेंटचं बाकडं एकदा नीट पाहा. पाठीवर 'यांच्या फंडातून' आणि खाली नाव, तेही इतकं ठळक की टेकून बसलं तर शर्टावर उमटावं. फंड आला तुमच्या-आमच्या घरपट्टीतून, पण आमचं नाव फक्त थकबाकीच्या यादीत!

सांगलीत तर सोय आणखी चोख. जागा 78, प्रभाग 20. म्हणजे बहुतेक ठिकाणी एका प्रभागाला चार नगरसेवक. शामरावनगरात पावसाचं पाणी तुंबलं की तक्रार घेऊन 'अ' कडे जावं. तो 'ब' चं नाव सांगतो, 'ब' म्हणतो 'क' ला भेटा, आणि 'ड' आयुक्तांना निवेदन देतानाचा फोटो पाठवतो. तोवर पाणी आपलं आपण ओसरतं. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं, हा प्रश्न तर नगरसेवकांपेक्षा ज्येष्ठ आहे. त्याला मुदत नाही आणि आरक्षणही नाही.

कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभा नावाची तरतूद आहे. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसायचं आणि नगरसेवकाने समोर बसून ऐकायचं. सांगलीकर, सातारकर, यंदा बाकडं मागू नका. क्षेत्रसभेची तारीख मागा, आणि प्रभागात चौघे असतील तर चौघांकडूनही लेखी घ्या.